चर्चा : एआय म्हणे संशोधन गटाचा ‘पाचवा सदस्य’

मांडवीकर

बडोद्यातल्या मराठी गटांवर एक पोस्ट फिरतेय. पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार अभ्यासक, दोघे इथले, एक पुण्याचा, एक इंदूरची. विषय गायकवाडी महसुलाचे मोडी आणि गुजराती कागद. म्हणे एआय हा आता त्यांच्या गटाचा ‘पाचवा सदस्य’ आहे. बैठकीचं टिपण तो करतो, रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) तो वाचतो, संदर्भसाहित्याचा आढावा तो घेतो. आणि (इथे माझं डोकं फिरलं) एखाद्या वाचनावरून चौघांत मतभेद झाला की चारही मतं त्याच्यापुढे टाकून ‘समतोल सारांश’ काढून घेतात आणि पुढच्या ओळीवर जातात. खाली अंगठ्यांचा पाऊस.

पहिल्या तीन गोष्टींवर वाद घालता येईल. चौथीत वाद घालण्यासारखंही काही नाही. ओळीतला एक शब्द एकाने गावाचं नाव म्हणून वाचला, दुसऱ्याने माणसाचं. याचा समतोल काय काढणार, अर्धं गाव आणि अर्धा माणूस? अशा जागी त्याच हाताचे, म्हणजे त्याच कारकुनाने लिहिलेले, आणखी कागद काढायचे आणि ते वळण तिथे कसं येतं ते पाहायचं. तरीही सुटलं नाही तर दोन्ही वाचनं द्यायची, वर कोणतं घेतलं आणि का, ते तळाला लिहायचं.

हे बडोद्याला बाहेरून कुणी शिकवायला नको. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती प्राच्यविद्या मंदिराने याच गावात काढली, १९६० ते १९७५ या काळात, सात कांडं सात खंडांत. कुठलंही पान उघडा. वर निवडलेला पाठ, खाली कोणत्या पोथीत काय आहे त्याची दाट टीप. संपादकांनी निर्णय घेतला, पण नाकारलेलं फेकून दिलं नाही. म्हणून पन्नास वर्षांनंतरही कुणी उठून म्हणू शकतो की इथे तुमची निवड मला पटत नाही. ‘समतोल सारांशा’त असं म्हणायला जागाच ठेवलेली नसते.

दुसरा मुद्दा जास्त व्यवहाराचा. दोन वाचकांनी एकमेकांचं न बघता वाचायचं ही पद्धत आहे, कारण दोघांच्या चुका वेगवेगळ्या जागी पडतात आणि म्हणून फरकात पकडल्या जातात. यंत्राचं वाचन आधीच दोघांपुढे ठेवलं की डोळा तेच शोधायला लागतो. दोघे एकाच जागी एकच चूक करतात, फरक निघत नाही, आणि तक्त्यात ‘एकमत’ अशी नोंद पडते. पोस्टमध्ये अभिमानाने लिहिलंय की एआय आल्यापासून गटातले मतभेद खूप कमी झाले. होणारच!

पायथनभाऊ

पोस्ट बालिश आहे, मान्य. पण एका पोस्टच्या रागात तुम्ही सगळंच मोडीत काढताय.

आधी एक फरक करा. हस्तलिखित ओळखणारं इंजिन (ट्रान्सक्रिबस, ई-स्क्रिप्टोरियम) आणि फोटो टाकला की उत्तर देणारा चॅटबॉट या दोन वेगळ्या जाती आहेत. इंजिन चुकतं तेव्हा कुरूप चुकतं: अक्षरं गळतात, जोडाक्षराचा चुथडा होतो, बघता क्षणी कळतं. चॅटबॉट सुंदर मराठीत चुकतो. पत्राचा मायना ठरलेला असतो हे त्याला पाठ आहे, म्हणून कागदाचा वरचा कोपरा फाटलेला असला तरी तो ‘राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री’ लिहून मोकळा होतो. मोडी वाचायला चॅटबॉट वापरणाऱ्यांशी माझंही भांडणच आहे.

इंजिन मात्र नीट वापरलं तर कामाचं आहे. स्कॅन निदान ३०० डीपीआय, हात बारीक असेल तर ४००. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा, कारण एकीकडून पडला तर सुरकुतीच्या सावलीला ते शिरोरेषा समजतं. मोडीत शिरोरेषा आधी ओळभर ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकतात, शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. त्यामुळे ओळी तोडण्याचं काम पहिल्या काही पानांवर हाताने दुरुस्त करावंच लागतं. ओळ चुकीची तोडली तर पुढचं वाचन कितीही चांगलं मॉडेल लावा, वायाच. मग माणसाने वाचलेली पानं देऊन शिकवायचं. ट्रान्सक्रिबसवाले सुरुवातीला ५ ते १५ हजार शब्द सांगतात. रुमालात सहा कारकुनांचे हात असतील तर एवढ्याने भागत नाही.

आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते ती चाचणीत. चाचणीची पानं चिठ्ठ्या टाकून निवडली की त्याच कारकुनाची पानं शिकवण्यातही येतात आणि चाचणीतही. चुकांचं प्रमाण छान कमी दिसतं, निबंधात छापलं जातं, आणि नवा हात समोर आला की सगळं कोसळतं. एक हात पूर्णपणे बाजूला ठेवायचा, मॉडेलला दाखवायचाच नाही, आणि चाचणी त्याच्यावर घ्यायची.

दहा टक्के अक्षरचूक ऐकायला बरी वाटते. हिशेब करा. १२०० अक्षरांच्या पानात १२० चुका. सरासरी शब्द पाच अक्षरांचा धरला तर दर दहातल्या चार शब्दांत कुठे ना कुठे खोट. असं वाचन छापता येत नाही. पण शेकडो रुमालांत ‘पेटलाद’ किंवा ‘सावली’ या गावांचं नाव कुठे कुठे आलंय ते धुंडाळायला पुरतं. चौघांच्या गटाला कोणता रुमाल कुणी उघडायचा हे एवढ्यावर ठरवता आलं तर काय वाईट आहे?

दोन_रुमाल

‘पेटलाद’ शोधायला ठीक. महसुली कागदाचा जीव आकड्यात असतो, त्याचं काय?

१२॥ म्हणजे साडेबारा. १२॥। म्हणजे पावणेतेरा. यंत्र उभ्या रेघांना एकचा आकडा समजतं आणि साडेबाराचे बाराशे अकरा होतात. तीच दुहेरी रेघ संक्षेपालाही लागते, ‘सु॥’ म्हणजे ‘सुहूर सन’ मधली. तिथे तिला आकडा समजून भलतंच. शिवाय रक्कम बाबाशाही (बडोद्याचा रुपया) की कलदार (इंग्रजी रुपया), हे यादीच्या डोक्यावर एकदाच लिहिलेलं असतं, खाली नुसते आकडे. ओळी सुट्या करून तक्त्यात भरल्या की डोकं गायब, आणि दोन चलनं एका बेरजेत.

तारखांबद्दल तर बोलूच नका. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हा सुहूर सन. वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे जानेवारीतला कागद असेल तर १७६१, पानिपताचं साल. चॅटबॉटला शब्द अरबी दिसतात, तो हिजरी धरतो आणि १७४८ काढून देतो. तेरा वर्षं आधीच पानिपत उरकलं! गंमत म्हणजे त्याच ओळीत ‘छ’ लिहून दिलेली चांद्र तारीख आणि महिना मात्र खरंच हिजरी असतात. एकाच ओळीत दोन कालगणना. हे ज्याला माहीत नाही तो यंत्राचं उत्तर तपासणार कशावर? आणि ज्याला माहीत आहे त्याला यंत्र हवंय कशाला?

पायथनभाऊ

@दोन_रुमाल, शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी आहे. ज्याला माहीत आहे त्याला तीन हजार तारखा बदलायच्या असतात, म्हणून हवंय.

पण तारखा चॅटबॉटला विचारायच्याच नसतात. संख्याशब्दांची यादी आणि मृगाची अट घालून वीस-पंचवीस ओळींचा कोड होतो, तो दरवेळी तेच उत्तर देतो. तो कोड एआयकडून लिहून घ्या, आणि ज्यांची इसवी तारीख पक्की माहीत आहे अशा पंधरा-वीस कागदांवर तपासा. त्यात मे-जूनमधले दोन-तीन मुद्दाम घाला, चूक तिथेच सापडते.

आकड्यांचंही तसंच. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपया १९२ पै. १२॥ रुपये म्हणजे २४०० पै. सगळ्या रकमा पैत आणा, बेरीज करा, कागदावरच्या बेरजेशी ताळा घ्या. जुळलं नाही की पान लाल. साडेबाराचे बाराशे अकरा झालेले एका फटक्यात सापडतात. चलनासाठी प्रत्येक ओळीला वेगळा कॉलम, आणि तो रिकामा असेल तर ओळ स्वीकारायचीच नाही.

दोन_रुमाल

आणि बेरीज कारकुनानेच चुकवली असेल तर?

पायथनभाऊ

तर पान लाल होईल आणि तुम्ही बघाल. तेच तर हवंय ना तुम्हाला?

चौथंवर्ष

मधेच विचारते, माफ करा. मांडवीकर काका, संदर्भसाहित्याच्या आढाव्यावर तुम्ही नुसतं ‘वाद घालता येईल’ म्हणून सोडून दिलंत. गाइड म्हणतात एआयने कर, पटकन होईल. करू की नको?

सुरसागरकाठी

काका उत्तर देतील तेव्हा देतील, मी देते.

ही साधनं बघतात ते मुख्यतः डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असलेलं, इंग्रजी आणि नेटवर आलेलं. भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी त्रैमासिकं, गुजराती नियतकालिकांतले लेख, संस्थानचे छापील अहवाल, यातलं बरंचसं त्यांच्या नजरेबाहेर. त्यामुळे आढावा निघतो तो अगदी घोटीव, फक्त वाचून असं वाटतं की गायकवाडांच्या महसुलावर मराठीत आणि गुजरातीत कुणी काही लिहिलंच नाही. गटात गुजराती वाचणाऱ्याने गुजरातीची सूची हाताने करायची, मराठीवाल्याने मराठीची. इंग्रजी भागाला खुशाल यंत्र लावा.

यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय टाकून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढायचा. आला नाही तर हाताने शोधून सापडेपर्यंत तो लेख जगात नाही असं धरून चालायचं. आला तरी शीर्षक आणि वर्ष जुळवायचं, कारण कधी कधी डीओआय खरा असतो आणि लेख भलताच. सामायिक लायब्ररीला मोफत जागा ३०० एमबी, स्कॅन पीडीएफांनी ती बघता बघता भरते. फाइली वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, झोटेरोत नुसते वेब-दुवे. आणि ‘वाचलं कुणी’ हा टॅग लावा. चौघांच्या गटात निम्मे संदर्भ असे निघतात जे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने वाचलेत.

बैठकीच्या टिपणाबद्दलही लिहिते, कारण ते सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. आपल्या बैठका कशा होतात? चहापाण्याचं गुजरातीत, मुद्दा मराठीत, पारिभाषिक इंग्रजीत. बोलणं उतरवून देणाऱ्या व्हिस्परला भाषा सांगितली नाही तर ते पहिल्या तीस सेकंदांवरून ठरवतं. सुरुवातीची विचारपूस गुजरातीत झाली की पुढचं सगळं मराठी ते गुजराती समजूनच उतरवत बसतं. भाषा आपण बांधून द्यायची. लांब शांतता असेल तिथे ते कुणीही न उच्चारलेली वाक्यं घालतं, म्हणून रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा आधी कापायच्या. आणि सारांश काढणाऱ्या यंत्राला प्रत्येक विषय कुठेतरी टेकवायचा असतो, त्यामुळे पुढच्या वेळेवर ढकललेली गोष्ट ‘निर्णय’ या मथळ्याखाली जाऊन बसते. महिन्याने भांडण. उपाय सोपा आहे: शेवटच्या पाच मिनिटांत एकाने निर्णय मोठ्याने वाचायचे, कोण, काय, कधीपर्यंत, आणि यंत्राला फक्त तेवढाच तुकडा द्यायचा.

तोंडी इतिहासाच्या मुलाखती असतील तर मात्र हात आखडता घ्या. मुलाखत देणाऱ्याने तुम्हाला संमती दिलेली असते, परदेशातल्या सर्व्हरला नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून घ्या. दप्तरातून मिळालेल्या छायाप्रतींचंही तसंच, अभ्यासाला परवानगी म्हणजे कुठेही अपलोड करायला परवानगी नव्हे. ई-स्क्रिप्टोरियम आपल्याच मशीनवर चालवता येतं, थोडी खटपट आहे इतकंच.

रसायनशाळा

मोडीचं रंगात आलंय, पण विज्ञानवाल्यांकडेही हीच भानगड आहे. तीन प्रयोगशाळांचे तक्ते, तिन्हींत कॉलमचं नाव ‘कॉन्स.’, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन. एकात पीपीएम, एकात मिलिमोल, एकात कुणालाच आठवत नाही. एआय हसतमुखाने एकत्र करून आलेख काढून देतो. एकक कॉलमच्या नावातच लिहा, कॉलमांचा शब्दकोश आधी करा, मग जोडा. यंत्राने जोडलेल्या तक्त्यात एकूण ओळी तिन्ही मूळ तक्त्यांच्या बेरजेइतक्या आहेत का, एवढं तरी मोजा.

आणि परीक्षणाला आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित चॅटबॉटमध्ये ओतू नका. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्यसंशोधन संस्थेने २०२३ मध्ये निधीचे प्रस्ताव तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना अशीच स्पष्ट मनाई केली. आपल्याकडे लोक सर्रास करतात.

वाचकमित्र_७

एवढं काथ्याकूट कशाला? एआय वापरला म्हणजे प्लेजरिझम. यूजीसीचा नियम आहे, दहा टक्के.

रसायनशाळा

यूजीसीचा २०१८ चा नियम मजकुराच्या साम्याबद्दल आहे, दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही वगैरे. त्यात एआयचं नावही नाही. दोन गोष्टींची खिचडी करू नका.

दोन_रुमाल

मला मूळ पोस्टमधलं ‘सदस्य’ झोंबलंय, ते कुणी बोलतच नाही.

यंत्राला सदस्य म्हणून मिरवायचं. त्या यंत्राला शिकवायला दहा-पंधरा हजार शब्द वाचून दिले कुणी? मोडी वाचणाऱ्याने, पानाच्या दराने. त्याचं नाव? शेवटच्या पानावर, ‘मोडी वाचनात साहाय्य करणाऱ्या सर्वांचे आभार’. सर्वांचे! नाव लिहायलाही शाई पुरली नाही. उद्या तेच मॉडेल घेऊन दुसरा गट निबंध लिहील, त्यात मॉडेलचं नाव असेल, आवृत्ती क्रमांकासकट. वाचणारा पुन्हा गायब.

पायथनभाऊ

हे वेगळं गाऱ्हाणं आहे, पण काढलंच आहे तर ऐका. लेखक कोण याचे नियम आहेत. आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीच्या चार अटी: संकल्पनेत किंवा माहिती मिळवण्यात, तपासण्यात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही म्हणून २०२३ मध्ये त्यांनी आणि ‘कोप’ या प्रकाशन-नीतीच्या समितीनेही सांगून टाकलं की एआय लेखक नाही. त्याच न्यायाने नुसतं वाचून देणाराही लेखक ठरत नाही. भावना वेगळी, नियम वेगळा.

मांडवीकर

नियम अर्धाच वाचलात. पहिली अट जो पूर्ण करतो त्याला उरलेल्या अटी पूर्ण करायची संधी द्यायला हवी, हेही तिथेच लिहिलंय. इथे मसुदा मोडीवाल्याला दाखवतच नाहीत आणि मग म्हणतात, मसुद्यात त्याचा सहभाग नव्हता! शिवाय ते नियम वैद्यकीय नियतकालिकांचे. इतिहासवाल्यांना सोयीचे असतील तेवढेच आठवतात.

चौथंवर्ष

‘क्रेडिट’ नावाची पद्धत आहे ना, प्रत्येकाने काय केलं ते लिहायची? त्यात चौदा भूमिका आहेत. बघितल्या. लिप्यंतर नाही, अनुवादही नाही.

दोन_रुमाल

त्या चौदांत निधी आणणाऱ्याला खोकं आहे?

चौथंवर्ष

आहे.

दोन_रुमाल

वा.

पायथनभाऊ

आता मीही मनातलं बोलतो. या गावात मोडी वाचणारे किती, आणि त्यातल्या कितींनी आपली वाचनं कुणाला दिली? वर्ग घ्यायचे, बाराखडी शिकवायची, आणि स्वतः वाचलेल्या वह्या कपाटात कुलूप लावून. पुढचा माणूस तोच रुमाल पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्या वह्या मूळ पानांच्या छायाचित्रांसकट खुल्या झाल्या असत्या तर मोडीचं चांगलं मॉडेल केव्हाच उभं राहिलं असतं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे. तेव्हापासून काय केलंत? लिपी वाचवा म्हणून पत्रकं काढलीत.

दोन_रुमाल

वह्या खुल्या केल्या की काय होतं ते पोस्टमध्ये दिसतंय की. पाचवा सदस्य होतो.

पायथनभाऊ

मक्तेदारी जाईल ही भीती आहे, दुसरं काही नाही.

दोन_रुमाल

पानाला चहाचे पैसे मिळतात त्याला मक्तेदारी म्हणतात होय? धन्य आहे.

कट्टाप्रमुख

व्यक्तिगत नको. भांडायचंच असेल तर रविवारी शेवउसळ खाऊन समोरासमोर भांडा. इथे मुद्द्यावर या.

मांडवीकर

मुद्द्यावरच येतो, आणि पायथनभाऊ, हा तुमच्याच पोटातला मुद्दा आहे.

मॉडेल शिकवायला दिलेल्या पानांत एका वाचकाने ‘सु॥’ आहे तसं ठेवलं, दुसऱ्याने सोडवून ‘सुहूर सन’ लिहिलं. एकाने ह्रस्व-दीर्घ कागदाप्रमाणे ठेवलं, म्हणजे फरक न करता, आणि दुसऱ्याने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे दुरुस्त केलं. एकाने शब्द तोडले, एकाने नाही. एकाने फाटलेल्या जागी चौकटी कंसात अंदाज घातला, दुसऱ्याने टिंबं दिली. यंत्राला काय शिकायला मिळालं?

पायथनभाऊ

कचरा. संक्षेप सोडवलेली पानं असली की कागदावर नसलेली अक्षरंही ते लिहायला शिकतं. इंजिनसुद्धा मग चॅटबॉटसारखं वागायला लागतं. म्हणूनच शिकवण्यासाठी मूळबरहुकूमच हवं, काहीही सोडवायचं नाही, आणि सोडवलेली वाचकांसाठीची प्रत वेगळी. हे तर मी पहिल्यापासून...

मांडवीकर

नाही, पहिल्या उत्तरात तुम्ही ‘माणसाने वाचलेली पानं’ एवढंच लिहिलंय. वर जाऊन बघा. कोणती पानं, कोणत्या नियमाने, हे कोण ठरवतं? अनुस्वार कधी लिहायचा, ‘॥’ कुठे अर्ध्याचा आणि कुठे संक्षेपाचा, दोन हात एकाच पानावर असले तर खूण कशी करायची. ही दोन-चार पानांची नियमावली मोडी वाचणाराच लिहू शकतो, आणि तुमच्या मॉडेलचं बरंवाईट तिच्यावर ठरतं. त्याला तुम्ही ‘वाचून देणारा’ म्हणताय. चौदातल्या ‘पद्धतीची आखणी’ या खोक्यात हे बसतं की नाही?

पायथनभाऊ

बसतं.

बसतं, बुवा. नियमावली लिहिली असेल तर. नुसती पानं मोजून देणाऱ्याला नाही.

दोन_रुमाल

नियमावली लिहायला सांगितलीत कधी?

सुरसागरकाठी

घ्या, एवढ्या वेळात एक तरी गोष्ट दोघांना पटली. आता तिसऱ्या वाचकाचं, म्हणजे यंत्राचं बोला. माझ्या मते काकांची हरकत यंत्रावर नाही, क्रमावर आहे.

मांडवीकर

क्रमावर, आणि सारांशावर. सारांशाला माझा कायमचा विरोध, तो लिहून ठेवा. क्रमाबद्दल म्हणाल तर, दोन वाचकांनी आपापलं वाचन टाकून कुलूप लावल्यावर यंत्राचं वाचन उघडलं तर माझी तक्रार नाही. तिथे ते उपयोगीही पडेल, मान्य. दोघांचं एकमत आणि यंत्राचं वेगळं, अशा जागा पुन्हा बघायच्या. बहुतेक ठिकाणी यंत्रच चुकलेलं असेल, पण एखाद्या जागी दोघांनी सवयीने ठरलेला शब्द वाचलेला असतो आणि कागदावर दुसराच असतो.

तक्ता असा: रुमाल, पान, ओळ, वाचन अ, वाचन आ, यंत्र, मान्य वाचन, कुणी ठरवलं, कारण. शेवटचे दोन रिकामे असतील तर ‘मान्य’ही रिकामं.

पायथनभाऊ

यंत्राचा कॉलम त्याच गूगल शीटमध्ये नको. लपवलेला कॉलम संपादनाचा हक्क असलेला कुणीही उघडतो, आणि उघडतोच. वेगळी फाइल, वेगळ्या माणसाकडे, रुमाल-पान-ओळ क्रमांकावरून नंतर जोडायची. शिवाय त्या फाइलीत मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि तारीख लिहा. चॅटबॉट वापरलाच कुठे तर प्रॉम्प्टही जसाच्या तसा. तीन महिन्यांनी तोच प्रश्न विचारलात तर उत्तर वेगळं येईल, आणि मग कोणत्या उत्तरावरून निर्णय घेतला होता ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि आता बोलण्यापेक्षा करून बघू. दहा पानं. तीन हात, त्यातला एक मॉडेलने कधीच न पाहिलेला. दोन यादीची, आकड्यांसकट. वाचणारे तुम्ही दोघे, यंत्र माझं.

दोन_रुमाल

पानं मी निवडणार.

पायथनभाऊ

निवडा. फक्त दहाच्या दहा वाळवी लागलेली नका देऊ.

दोन_रुमाल

एक देणार. दप्तरात वाळवी असते, तुमच्या यंत्राला सवय होऊ दे.

चौथंवर्ष

ती वेगळी फाइल मी ठेवू का? तिन्ही वाचनं माझ्याकडे पाठवा, सगळ्यांची येईपर्यंत कुणालाच दाखवणार नाही.

दोन_रुमाल

ठेव. पण लेख झाला तर तुझं नाव कुठे येणार, ते आधी लेखी घे. पायथनभाऊंकडून.

पायथनभाऊ

देतो. चौदातलं तिसरं-चौथं कुठलंही खोकं घ्या म्हणावं. नियमावली कधी पाठवताय?

दोन_रुमाल

मायना धरून पाठवतो.